मिनेसोटाच्या परसात पेअर: लाड कमी, वाण पक्कं

पत्र: काकू, नमस्कार. आम्ही मिनियापोलिसच्या पश्चिमेला उपनगरात राहतो. मागे चाळीस बाय तीस फुटांचं मोकळं परस आहे, ऊन भरपूर. माझे बाबा नाशिकजवळ द्राक्षं पिकवायचे. आता बाग भावाकडे आहे आणि बाबा दरवर्षी मे ते सप्टेंबर आमच्याकडे असतात. तीन वर्षांपूर्वी त्यांनी मोठ्या हौसेने बार्टलेट पेअर लावलं. खड्ड्यात कंपोस्ट, वरून शेणखताच्या पिशव्या, रोज पाणी, ऑगस्टमध्ये पुन्हा खत. पहिल्याच वर्षी झाड तीन फूट वाढलं. दुसऱ्या हिवाळ्यानंतर मात्र वरून सगळं वाळून गेलं. गेल्या जूनमध्ये बुडातून चार जोमदार फुटवे आले. बाबा म्हणतात, तेच वाढवू. नवरा म्हणतो, पेअर इथलं झाडच नाही, सफरचंद लाव आणि गप्प बस. शेजाऱ्यांकडे पांढऱ्या फुलांचं एक झाड आहे, ते पेअरचंच आहे असं ते म्हणतात. मग आम्हाला एकच झाड पुरेल ना? फळ आलं की बी नाशिकला नेऊन बघू, असंही बाबांच्या मनात आहे. ते आता ७४ वर्षांचे आहेत. त्यांना आपल्या हातच्या झाडाचं फळ खायला मिळेल असं काहीतरी सांगा.
– एक मुलगी

प्रिय मुली,

आधी बाबांना सांग, झाड त्यांच्या हातून मेलं नाही. मग दोन दिवस जाऊ देत आणि हेही सांग, की थोडंसं त्यांच्या हातूनही मेलं.

मोठा दोष वाणाचा. बार्टलेट चवीला झकास, पण अमेरिकेच्या थंडीच्या नकाशावर ते पाचव्या पट्ट्यापर्यंतचं झाड. म्हणजे हिवाळ्यातल्या सगळ्यात गार रात्री पारा साधारण उणे २० फॅरनहाइटच्या वर राहतो अशा मुलखातलं. आकडा लहान तितकी थंडी जास्त, आणि तुम्ही चौथ्या आणि पाचव्याच्या शिवेवर बसलेले. २०२३ मध्ये नवा नकाशा आला, त्यात ट्विन सिटीजचा, म्हणजे मिनियापोलिस आणि सेंट पॉलचा, काही भाग पाचव्या पट्ट्यात ढकलला गेला, आणि तेव्हापासून 'काकू, आता बार्टलेट चालेल ना?' अशी पत्रं मला यायला लागली. तो नकाशा कसा बनतो ते बघ. १९९१ ते २०२० या तीस वर्षांत दर हिवाळ्यातली सगळ्यात गार रात्र घेतली आणि त्यांची सरासरी काढली. झाड काही सरासरीने मरत नाही, ते एका रात्रीत मरतं. ३० जानेवारी २०१९ ला मिनियापोलिसचा पारा उणे २८ फॅरनहाइटवर गेला होता, म्हणजे आपल्या हिशेबात उणे ३३ सेल्सियस. माझ्या गॅरेजमधला तेलाचा डबा त्या सकाळी साबणाच्या वडीसारखा हातात आला होता. अशी रात्र दहा वर्षांतून एकदा आली तरी बार्टलेटला पुरते.

आता बाबांचा वाटा. हे त्यांना द्राक्षाच्या भाषेत सांग, लगेच पटेल. एप्रिलच्या छाटणीनंतर काडी पक्व होण्यासाठी ते काय करायचे? नत्र थांबवायचं, पाणी आवरतं घ्यायचं, शेंडा खुडायचा. काडी हिरवी राहिली तर पुढचं सगळं बिघडतं हे त्यांना माझ्याहून जास्त कळतं. इथे तेच, फक्त शिक्षा मोठी. पेअरच्या झाडाने ऑगस्टपर्यंत वाढ थांबवून लाकूड पिकवायला घ्यायचं असतं. तेव्हाच खत मिळालं की ते सप्टेंबरातही कोवळे शेंडे काढत बसतं, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या कडक रात्री कच्च्या लाकडासकट थंडीत सापडतं. पहिल्या वर्षी तीन फूट वाढ म्हणजे तब्येत चांगली असं तुम्हाला वाटलं. मला पत्र वाचताना तिथेच शंका आली. लहान पेअर वर्षाला फूट-दीड फूट वाढलं की उत्तम. त्याहून जास्त वाढलं तर खताची पिशवी कुलपात ठेवायची.

बुडातल्या फुटव्यांचं सांगते. तुमचं झाड कलमी होतं. वरचं बार्टलेट गेलं, आणि बर्फाच्या पांघरुणाखाली जगलेला खुंट आता फुटलाय. हेही बाबांच्या घरचंच आहे. डॉगरिजच्या खुंटावर थॉमसनचं कलम असतं, थॉमसन मेल्यावर खालून डॉगरिज फुटला तर त्याला घड येण्याची वाट ते बघत बसतील का? ते फुटवे वाढतील, काटेही येतील कदाचित, आणि सात-आठ वर्षांनी लिंबाएवढी तुरट फळं देतील. त्या खुंटावर चांगल्या वाणाची काडी बांधता येते, आणि बाबांचा हात कलमात बसलेला असेल तर त्यांना मोह होईल. पण खुंट कसला आहे हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि बर्फाच्या वरच्या थंडीत त्याचं खोड टिकेल याचा भरवसा नाही. मी असते तर मेच्या पहिल्या रविवारी तो उपटून टाकला असता.

नवऱ्याचं म्हणणं आता निकालात काढू. ज्या मिनेसोटा विद्यापीठाने १९९१ मध्ये हनीक्रिस्प सफरचंद बाहेर आणलं, त्याच विद्यापीठाने पार्कर हे पेअर १९३४ मध्ये, गोल्डन स्पाइस १९४९ मध्ये आणि समरक्रिस्प १९८५ मध्ये दिलं. पलीकडच्या साउथ डकोटात ब्रुकिंग्जला नील्स हॅन्सन नावाचे मूळचे डेन्मार्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. १८९७ मध्ये सरकारने त्यांना थंडीला दाद न देणारी झाडं शोधायला रशिया-सायबेरियाकडे पाठवलं होतं. त्या बाजूला, उसुरी आणि आमूर नद्यांच्या खोऱ्यात आणि मांचुरियात एक रानटी पेअर आहे, त्याला उसुरी किंवा मांचुरियन पेअर म्हणतात. फळ बारकं, तुरट, पण झाड असं की मिनेसोटाचा जानेवारी त्याला माहेरासारखा वाटावा. पुढे इकडच्या लोकांनी त्याचं रक्त युरोपच्या गोड पेअरांमध्ये आणलं. पार्कर तर मांचुरियन पेअरच्या बियांच्या रोपांतूनच निवडलेलं आहे. तेव्हा पेअर इथलं नाही हे बार्टलेटपुरतं खरं.

तुझ्यासाठी माझी निवड: एक समरक्रिस्प आणि एक पॅटन. समरक्रिस्प थंडीला चिवट आहे, रोगालाही बऱ्यापैकी दाद देत नाही, आणि ऑगस्टच्या मध्याला, म्हणजे बाबा इथे असतानाच, तयार होतं. पॅटन हे आयोवातलं जुनं वाण, १९२२ चं. फळ मोठं, मऊ, रसाळ, बार्टलेटची आठवण काढणाऱ्यांना आवडणारं. यूर आणि गोल्डन स्पाइस याहून काटक आहेत, पण फळ बारकं, आणि गोल्डन स्पाइस तर मुरंब्यातच बरं. जिभेसाठी लावायचं तर ती नकोत.

रोपवाटिकेच्या यादीत तुला लशस आणि गूर्मे ही नावंही दिसतील. दोन्ही साउथ डकोटाची, दोन्ही चवीला छान. लशसचं फळ तर समरक्रिस्पपेक्षा गोड. पण दोघांचे पराग वांझ आहेत. लग्नाला येऊन पंगतीत जेवणारे, आहेर मात्र न करणारे पाहुणे. समरक्रिस्प शेजारी असेल तर लशसला फळ धरेल, समरक्रिस्पला मात्र लशसकडून काहीच मिळणार नाही. ही जोडी लावून चार वर्षं फुलं मोजत बसलेले लोक मला माहीत आहेत. तिसऱ्या झाडाला जागा निघाली तर लशस लाव, दोनच लावणार असशील तर नको.

म्हणजे 'एकच पुरेल ना' याचं उत्तर: नाही. पेअरला परागासाठी दुसऱ्या वाणाचं पेअरच लागतं, आणि तेही शंभर फुटांच्या आत असलेलं बरं, कारण मधमाशा या फुलांवर फारशा खूश नसतात. मध पातळ, वास जरा माशासारखा. बाजूला डँडेलियन, म्हणजे गवतातलं ते पिवळ्या फुलांचं तण, फुललेलं असेल तर त्या तिकडे जातात. मेमध्ये फुलोरा असताना गवत कापायची घाई करू नका असं सगळे सांगतात, मी मात्र पेअरखालचे डँडेलियन त्या आठवड्यात आधी कापते.

शेजाऱ्यांच्या झाडाबद्दल मला शंका आहे. तुमच्या भागात मेमध्ये पांढरं फुललेलं झाड दहातल्या आठ वेळा क्रॅबअ‍ॅपल, म्हणजे बारक्या फळांचं शोभेचं सफरचंद, निघतं, आणि सफरचंदाच्या कुळातला पराग पेअरला चालत नाही. ओळखायचं कसं ते सांगते. फूल उमललं की त्याच दिवशी एक तोडून उन्हात धर. पेअरच्या पुंकेसरांची टोकं ताजी असताना लालसर-जांभळी असतात, पांढऱ्या पाकळ्यांवर तिळासारखी दिसतात. सफरचंदाची पिवळी. मग पाकळ्या काढून टाक आणि मधोमध बघ. बारीक पाच दांड्या दिसतील. त्या बुडापर्यंत सुट्या असतील तर पेअर, खाली एकमेकींना चिकटून एकच देठ झाला असेल तर सफरचंद. नखाने सोडवून बघता येतं, भिंग लागत नाही. आणि पेअर निघालं तरी ते शोभेचं कॅलरी पेअर असू शकतं. ब्रॅडफर्ड नावाने रस्तोरस्ती लावलेलं ते झाड पुढे रानात इतकं माजलं की ओहायोने २०२३ पासून त्याची विक्रीच बंद केली. फुलोऱ्याची वेळ जुळली तर त्याचा पराग चालतो. पण शेजाऱ्याने उद्या ते तोडलं तर तू काय करणार? आपली दोन लाव.

लावणीचं फार लांबवत नाही. उघड्या मुळांची रोपं मार्चमध्येच नोंदवावी लागतात, ती एप्रिलच्या अखेरीस येतात. नोंदवताना खुंट विचार. ओल्ड होम आणि फार्मिंगडेल या दोन पेअरांच्या संकरातले खुंट, यादीत ८७ किंवा ९७ असा आकडा लावलेले, किंवा उसुरी पेअरच्या रोपाचा खुंट घे. क्विन्सच्या (हे पेअरच्या नात्यातलं एक फळझाड) खुंटावरचं बुटकं झाड कुणी कितीही गळ्यात मारलं तरी घेऊ नकोस, त्या खुंटाला तुमची थंडी सोसत नाही. दोन झाडांत पंधरा-अठरा फूट. खणायच्या आधी ८११ ला फोन करून जमिनीतल्या वायरी-नळ्यांवर खुणा करून घे, फुकट असतं. खड्डा मुळांच्या पसाऱ्याहून दुप्पट रुंद, पण खोल मुळं मावतील एवढाच. कलमाची गाठ मातीच्या दोन-तीन इंच वर. निघालेली माती तीच परत आत, कंपोस्ट नाही, शेणखत नाही. खड्ड्यात मऊ गादी मिळाली की मुळं बाहेरच्या चिकण मातीत जायचा आळस करतात. तुमची माती चिकण असेलच, आणि फळझाडांत पेअर ती सगळ्यात समजुतीने घेतं. पाणी तुंबून राहायला मात्र नको.

पाणी रोज नको. पाच गॅलनच्या बादलीला बुडाशी बारीक दोन भोकं पाडायची, झाडाजवळ ठेवायची, भरायची आणि चहाला आत यायचं. पाऊस नसेल त्या आठवड्यात अशी एक-दोनदा. आपण आळं करतो तिथे लाकडाच्या भुश्याचा तीन-चार इंचाचा थर दे, खोडापासून वीतभर लांब ठेवून. खोडाला भुसा टेकवलास तर उंदरांना घर बांधून दिल्यासारखं होईल.

आता जे मला सगळ्यात आवडतं ते काम. पेअरच्या फांद्या नमस्कार केल्यासारख्या सरळ वर जातात, खोडाला चिकटून. अशी फांदी नुसती वाढत राहते, फळ देत नाही, आणि पुढे बर्फाच्या ओझ्याने बगलेत चिरते. म्हणून जूनमध्ये बाजूचे कोंब चार-सहा इंचांचे, कोवळे असताना कपड्यांचे लाकडी चिमटे घ्यायचे. चिमटा खोडाला लावायचा, कोंबाच्या जरा वर, असा की त्याची शेपटी कोंबाला बाहेरच्या बाजूला ढकलेल. महिन्याभरात कोंब त्या कोनात पक्का होतो, चिमटा काढून पुढच्याला लावायचा. मोठ्या फांद्यांना सुतळी बांधून विटेने ताणायचं. उभ्या रेषेपासून साठ अंश, म्हणजे घड्याळात दहा वाजून दहा मिनिटांना काटे असतात तेवढं. आडवी झालेली फांदी वाढायचं विसरते आणि फळांचे आखूड, सुरकुतलेले डोळे धरायला लागते. मंडपावर काड्या बांधण्यात ज्यांचा जन्म गेला त्या तुझ्या बाबांना डझनभर चिमटे दे आणि बाजूला हो. खताची पिशवी हातातून काढून घेताना हातात दुसरं काहीतरी द्यावं लागतं गं.

छाटणी मार्चमध्ये, बर्फ वितळायच्या बेतात. तेव्हा बाबा नाशिकला असतील आणि तिकडे द्राक्षांची काढणी चालू असेल, त्यामुळे व्हिडिओ कॉलवरून सूचना येतील. एवढंच लक्षात ठेव: खरड छाटणी पेअरला चालत नाही. द्राक्षाला खरडलं की तो फळतो, पेअरला खरडलं की ते चिडतं आणि सरळसोट पानसोट, म्हणजे फळ न देणारे उभे कोंब, काढत सुटतं. मधला एक शेंडा राख, एकमेकांवर घासणाऱ्या, मोडक्या, आत वळलेल्या फांद्या काढ आणि कात्री ठेवून दे.

हिवाळ्याची तयारी नोव्हेंबरच्या सुरुवातीला. खोडाला पांढरं प्लास्टिकचं वेष्टन, कारण फेब्रुवारीतलं दुपारचं ऊन नैऋत्येकडून सालीला तापवतं आणि सूर्य मावळला की तीच साल गोठून उभी चिरते. एप्रिलमध्ये ते काढायचं. वेष्टनाच्या बाहेर पाव इंची जाळीचा नळकांडा, दोन इंच मातीत पुरलेला. उंची किती हा प्रश्न ससा जमिनीवर उभा आहे असं धरून सोडवू नकोस. तो दीड फूट बर्फावर उभा असतो आणि तिथून मान वर करतो. माझ्या पहिल्या झाडाची साल मी दोन फुटांपर्यंत जपली होती, सशाने अडीच फुटांवरून गोल सोलून नेली. आता चार फूट जाळी लावते. हरणं येत असतील तर दोन-तीन वर्षं पूर्ण कुंपणच.

एक रोग सांगून ठेवते, कारण तो आला की वेळ नसतो. फायर ब्लाइट. जूनमध्ये एखादा कोवळा शेंडा छत्रीच्या मुठीसारखा खाली वाकलेला दिसेल, पानं भाजल्यासारखी काळी, आणि गळत नाहीत, तिथेच लटकतात. हा जिवाणूचा रोग. झाडांना जिवाणूंमुळे रोग होतो हे माणसाला पहिल्यांदा कळलं ते याच रोगावरून, इलिनॉयच्या थॉमस बरिलनी १८८० च्या सुमारास दाखवून दिलं. तो फुलातून शिरतो, मधमाशा पोचवतात, आणि रसरशीत कोवळी वाढ त्याला आवडते. बघ, इथेही पुन्हा खतच आडवं आलं. दिसला की कोरड्या दिवशी काळ्या भागाच्या खाली निदान फूटभर निरोगी लाकडासकट कापायचं, दर कापाला कात्री सत्तर टक्के अल्कोहोलने पुसायची, आणि कापलेलं कंपोस्टात न टाकता पिशवीत बांधून फेकायचं. 'उद्या करू' म्हणून दोन दिवस थांबलीस तर फांदीच्या जागी खोड कापावं लागेल.

फळ उतरवण्याचं मी मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण इथे मी स्वतः सपशेल आपटले होते. समरक्रिस्पला पहिली बरी फळं लागली, बेचाळीस होती, मोजली होती मी. हिरव्यावर लाली चढली, रोज संध्याकाळी जाऊन दाबून बघायची, कडक. म्हटलं अजून पिकू देत. सप्टेंबरात ती सोन्यासारखी पिवळी झाली, दाबल्यावर बोट रुतलं, मी टोपली भरून घरात आणली आणि पहिलंच कापलं तर आत बियांभोवती कॉफीच्या गाळासारखं तपकिरी. दुसरं तसंच. तिसरंही. बेचाळीसच्या बेचाळीस कंपोस्टात. पेअर आतून बाहेर पिकतं. बाहेरून पिकलेलं दिसेपर्यंत आत उतरणीला लागलेलं असतं.

आपल्याला हे खरं तर कुणी सांगायला नको होतं. कोकणातला माणूस हापूस झाडावर पिकायची वाट बघतो का? चौदा आणे तयार झाला की उतरवतो आणि आढीत घालतो. पेअरही तसंच, चौदा आण्याला. कसं ओळखायचं? फळ तळहातात घेऊन हळूच आडवं उचल. तयार असेल तर देठ फांदीच्या गाठीपासून टक्कन सुटतो. ओढावं लागलं तर आठवडाभर थांब. पॅटन उतरवून घरात ठेवायचं, घाई असेल तर कागदी पिशवीत केळ्याबरोबर, आणि देठाजवळ मानेला अंगठ्याने दाबून बघायचं. मान मऊ लागली की त्याच दिवशी खायचं.

समरक्रिस्पला मात्र आढीही नको. ते कडक, करकरीत असतानाच खायचं फळ आहे. हे मला उमगलं ते पुढच्या वर्षी, सासूबाई आल्या होत्या तेव्हा. त्यांनी ऑगस्टातच एक तोडलं, पेरूसारख्या फोडी केल्या, तिखट-मीठ भुरभुरलं आणि म्हणाल्या, 'हे पिकवायचं कशाला?' दाताखाली तेच रवाळपण, तोच करकर आवाज. पंजाबातली पत्थरनाख पुण्याच्या मंडईत मिळते ना, त्या जातीची मजा. गोव्यात पेरूला पेर म्हणतात, त्याच्या वड्यांना पेराद, आणि पोर्तुगीजांच्या भाषेत पेरा म्हणजे पेअर. आपल्या पेरूचं नाव त्यावरूनच पडलं म्हणतात. त्या लोकांची गफलत मला त्या दिवशी समजली. पाणी सुटायच्या आत दह्यातली कोशिंबीरही छान होते, मोहरीची फोडणी देऊन.

हो, आणि जूनमध्ये एका झुबक्यात चार-पाच फळं धरली तर त्यातलं एकच ठेवायचं, झुबक्याझुबक्यात वीतभर अंतर. हे बाबांना शिकवावं लागणार नाही, घडातले मणी त्यांनी आयुष्यभर विरळले असतील.

बी नाशिकला न्यायचं डोक्यातून काढून टाका. परवान्याशिवाय बी नेता येत नाही हे एक. बियांतून आईसारखं फळ येत नाही हे दुसरं. आणि ही थंडीतली वाणं फुलायच्या आधी आठवडेच्या आठवडे गारवा मागतात, तो नाशिकची थंडी कितीही बोचरी असली तरी तिच्याकडे नाही. झाड जगेल, पानं काढेल, फूल दाखवणार नाही.

राहिला ७४ चा प्रश्न. खरं सांगते. उघड्या मुळांचं एक वर्षाचं रोप लावलंस तर पहिली चार-दोन फळं चौथ्या ते सहाव्या वर्षी. कुंडीतलं दोन-तीन वर्षांचं मोठं झाड घेतलंस तर यातलं एखादं वर्ष वाचतं, फार नाही, कारण उपटून लावल्याचा धक्का मोठ्या झाडाला जास्त. फांद्या आडव्या केल्याने आणखी थोडं अलीकडे येतं. खताने येत नाही, उलट लांबतं. म्हणजे बाबा ७८-७९ चे असताना. पॅटन कुंडीतलं घे, समरक्रिस्प उघड्या मुळांचं. आणि मधल्या वर्षांत त्यांचे हात रिकामे राहू नयेत म्हणून कुंपणालगत रास्पबेरीची एक ओळ लाव, ती पुढच्याच वर्षी फळते आणि तिच्यावर कितीही कात्री चालवली तरी ती रागवत नाही.

रोपांची नोंदणी या आठवड्यातच कर. इथल्या चांगल्या रोपवाटिकांतली समरक्रिस्प मार्चअखेर संपतात, दोन वर्षांपूर्वी मलाच उशीर झाला होता. मेच्या दुसऱ्या आठवड्यात बाबा आले की त्यांना शेजाऱ्यांकडे घेऊन जा, एक फूल मागून घ्या, पाकळ्या काढा आणि आतल्या त्या पाच दांड्यांचा जवळून फोटो मला पाठव. सुट्या निघाल्या तर शेजाऱ्यांची माफी मागून पुढच्या पत्रात तसं छापीन.

तुझी,
काकू